बरोबर आणि खरे

काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुटीत आम्ही गावी गेलो होतो. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, नाल्याच्या काठी. नाल्याकडचे शिवार काळे, कसदार, टेकडीकडचे बरड. आमचे वडीलबंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणतो, तेथेच राहून शेती पाहतात, आणि आम्ही शहरात महाविद्यालयातील मुलांस गेली तीस वर्षे गणित शिकवीत आहो. वडिलांच्या पश्चात घराची वाटणी झाली ती जणू अशी, की एकाच्या वाट्यास जमीन आली आणि दुसऱ्याच्या वाट्यास आकडे. यापैकी कोणाची वाटणी लाभाची, याविषयी आमच्या घरात फारसा मतभेद नाही.

संध्याकाळी ओसरीवर बसलो असता दादांनी कोनाड्यातून घडी केलेला एक कागद काढून आमच्या हाती दिला. गावच्या खरीप पिकाची अंतिम पैसेवारी नुकतीच जाहीर झाली होती, ती त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात उतरून घेतली होती. खाली सहा शेतांतील कापसाचे आकडे होते: ३८, ४५, ५०, ५४, ५९ आणि ६६. त्यांच्याखाली रेघ, आणि रेघेखाली ५२. तूर-सोयाबीनचेही आकडे होते. पण ते मिसळूनही उत्तर बावन्नच येत होते, म्हणून त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

"तू तं गणिताचा मास्तर," दादा म्हणाले, "मंग मले सांग, हे बावन पैसे खरे हायेत का?"

आम्ही पेन काढले, सहा आकड्यांची बेरीज केली, तीस सहांनी भागिले, शेतांच्या वजनांचे आकडेही पडताळून पाहिले, आणि परीक्षकाच्या सवयीने म्हणालो, "हिशेब बरोबर आहे, दादा."

"बरोबर हाये, थे मीबी पाह्यलं. खरं हाये का, असं इचारून राह्यलो मी तुले."

आम्हांस उत्तर सुचले नाही. वहिनींनी तिळगूळ आणून दिला आणि विषय तेवढ्यावर थांबला; परंतु ते वाक्य काही आमच्या मनातून गेले नाही. तीस वर्षे आम्ही विद्यार्थ्यांच्या वह्यांवर लाल शाईने 'बरोबर' हा शब्द लिहीत आलो आहो. त्या शब्दाने आपण नेमके काय म्हणतो, हे कधी कोणी आम्हांस विचारले नव्हते आणि आम्हीही स्वतःस विचारले नव्हते.

मराठी शाळेत दोन आडव्या रेघांच्या चिन्हास 'बरोबर' असेच म्हणतात. दोन अधिक तीन बरोबर पाच. हे चिन्ह प्रथम छापले ते १५५७ साली, रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श वैद्याने. तेच ते शब्द पुन्हापुन्हा लिहिण्याचा त्यास कंटाळा आला, आणि दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या दोन वस्तू जगात नाहीत, असे म्हणून त्याने ते चिन्ह योजिले. आपला 'बरोबर' हा शब्द मात्र फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ छातीस छाती भिडलेली, असा. दोन माणसे समोरासमोर उभी केली आणि त्यांच्या छात्या एका उंचीवर आल्या की ती बरोबरीची. ही व्युत्पत्ती आम्हांस फार समर्पक वाटते. डावीकडचा मनुष्य आणि उजवीकडचा मनुष्य एका उंचीचे आहेत, एवढेच हा शब्द सांगतो. ते दोघे जमिनीवर उभे आहेत की पाटावर, हे तो सांगत नाही.

'खरे' या शब्दाची जात निराळी. नाणे खरे की खोटे, साक्ष खरी की खोटी, असे आपण विचारतो, तेव्हा त्या वस्तूबाहेरच्या कशाशी तरी ती ताडून पाहावयाची असते. गंमत अशी, की पूर्ण सत्यास आपली भाषा 'सोळा आणे खरे' म्हणते. म्हणजे सत्यही आपण रुपयाच्या मापाने मोजतो. आणि पिकाचेही तसेच. परंतु पिकाकडे वळण्यापूर्वी गणिताच्या भाषेविषयी आपल्याकडे एकदा जो मोठा वाद झाला, त्याची आठवण करून देणे इष्ट होईल, कारण त्यात आम्हीही आपली हौस भागवून घेतली होती.

२०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात संख्यावाचनाची एक नवी रीत सुचविली गेली. सत्तावीस म्हणण्याबरोबरच 'वीस सात' असेही मुलांनी म्हणावे, म्हणजे अंक ज्या क्रमाने लिहितात त्याच क्रमाने बोलले जातील, अशी ती सूचना होती. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे, की लिहिताना दोन आधी आणि सात नंतर, परंतु बोलताना सात आधी आणि वीस नंतर, या उलटापालटीने लहान मुले गोंधळतात आणि गणितास भिऊ लागतात. यावर महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! विधिमंडळात टिंगल झाली, वर्तमानपत्रांत विनोद झाले. आम्हीही एका सभेत तावातावाने बोललो. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांवर वाढलेल्या पिढीचे आम्ही शेवटचे वारस. साडेतीनास 'औट' म्हणणारी भाषा किती समृद्ध, आणि तिचे हे असे दगडी तुकडे करावयाचे काय, असा आमचा आवेश होता. टाळ्याही बऱ्या पडल्या.

आज त्या भाषणाची आम्हांस थोडी लाज वाटते. पैनगंगा ओलांडून पलीकडे गेले की तेलुगू मूल सत्तावीस मोजताना 'इरवै एडु' म्हणते, म्हणजे वीस सातच. आणि त्याच्या सत्तावीस शेळ्या आमच्या सत्तावीस शेळ्यांहून एकीनेही कमी-अधिक भरत नाहीत. आमचे पूर्वज तर याहून पुढे गेले होते. श्लोकात संख्या बसवावयाची म्हणून त्यांनी शून्यास आकाश म्हटले, पाचास बाण, बारास सूर्य. आणि हे शब्दांक उजवीकडून डावीकडे मांडण्याचा शिरस्ता ठेविला. तरी त्यांचे ग्रहण ठरल्या वेळी लागेच. संख्येस कोणत्या नावाने हाक मारावी, हा बालकाच्या सोयीचा प्रश्न आहे आणि तो महत्त्वाचा आहे. परंतु सत्याचे त्यात काही अडत नाही. जेथे सत्य पणास लागलेले नव्हते तेथे आम्ही सारे महाराष्ट्रभर भांडलो. जेथे ते दर वर्षी पणास लागते, तेथे चावडीवर एक कागद लागतो आणि तो वाचून लोक निमूटपणे घरी जातात.

आता त्या कागदाविषयी. शहरी वाचकांस पैसेवारी म्हणजे काय हे ठाऊक असेलच असे नाही. इंग्रजी अमदानीत जमीनमहसुलात सूट द्यावी की न द्यावी हे ठरविण्यासाठी पिकाची स्थिती रुपयाच्या भाषेत सांगण्याची पद्धत पडली. भरघोस पीक ते सोळा आणे. त्यापेक्षा जितके उणे, तितके आणे कमी. यास आणेवारी म्हणत. १९५७ साली दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि आणेवारीची पैसेवारी झाली. जुनी माणसे अजूनही आणेवारीच म्हणतात. आमच्या भागात खरिपाचा नजरअंदाज सप्टेंबरअखेर, सुधारित आकडा ऑक्टोबरअखेर आणि अंतिम आकडा डिसेंबरअखेर, अशी तिची तीन पावले असतात. गावाची एक समिती असते. तीत तलाठी, ग्रामसेवक, कृषिसहायक, सरपंच आणि काही शेतकरी असतात. काही शेते निवडतात, प्रत्येकात दोरीने ठराविक लांबीरुंदीचा तुकडा आखतात, त्यातील पीक काढून तोलतात. जे वजन भरेल, त्यास प्रमाण उत्पन्नाने भागावयाचे आणि शंभराने गुणावयाचे. उत्तर आले की त्यास गावाची पैसेवारी म्हणावयाचे.

पन्नास ही यातली लक्ष्मणरेषा. पन्नास पैशांच्या आत आलेल्या गावांस टंचाईच्या सवलती देण्याचा प्रघात आहे: महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीच्या कर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्क्यांची सवलत, विद्यार्थ्यांस परीक्षा शुल्काची माफी. पन्नासाच्या वर यातले काही नाही. २०१६ साली केंद्र सरकारने दुष्काळ ओळखण्याची नवी संहिता केली. तीत पावसाचा खंड, जमिनीतील ओलावा, उपग्रहास दिसणारी हिरवळ असे निर्देशांक आले, आणि पुढील वर्षी महाराष्ट्राने ते स्वीकारले. उपग्रहास दिसणारी हिरवळ! २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाची पऱ्हाटी आतून पोखरली, तेव्हा शेते हिरवीगारच होती. बोंड फोडून पाहिल्यावाचून आतले काळे पडलेले दिसत नसे. पण पैसेवारी या सर्वांनंतरही राहिली आहे, आणि गावकऱ्यांच्या तोंडी भाषा तिचीच आहे.

दुसऱ्या दिवशी दादांबरोबर शेतावर गेलो असता आम्हांस अशी एक गोष्ट कळली, की जीमुळे आदल्या संध्याकाळच्या प्रश्नाचा रंगच बदलला. त्या सहा शेतांत एक शेत आमचेच होते. शेते निवडताना कोणाच्या मर्जीस वाव राहू नये म्हणून भूमापन क्रमांक यदृच्छेने काढतात. तसा तो निघाला होता. पंचेचाळीस हा आकडा आमच्या धुऱ्याच्या आतला होता. पंच म्हणून दादांची सही होती, आणि तुकडा आखताना दोरीचे एक टोकही त्यांनीच धरिले होते. तेव्हा तक्रार करावयाची तर कोणाविरुद्ध? तोलणारा तरुण कृषिसहायक सरळ, वजनकाटा नीट, बेरीज बिनचूक.

"मंग काय झालं?" आम्ही विचारले. गावात दोन दिवस राहिलो की आमचीही भाषा वळते.

दादा बराच वेळ पऱ्हाटीकडे पाहत राहिले. मग त्यांनी धुऱ्यापासून थोड्या अंतरावरच्या एका जागेकडे बोट दाखविले. दोरी ताणली तेव्हा तेथे दोन झाडे नेमकी दोरीवर आली होती. बाकीचे रान रोडावलेले, पण ही दोन बोंडांनी लगडलेली. आत घ्यावी की बाहेर ठेवावी, असा प्रश्न पडला. कृषिसहायक म्हणाला, "काका, तुम्ही सांगा." आणि दादा म्हणाले, "घ्या आत."

"काऊन म्हटलं, कोन जाने," दादा म्हणाले. "आपल्या वावरातलं चांगलं झाड. त्याले बाहेर हो, असं म्हनवलं नाही मले."

येथे आम्हांस, धंद्याचा मनुष्य म्हणून, एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहिली नाही. पीककापणीच्या ज्या पद्धतीने हे तुकडे आखतात, तिचा पाया १९४० नंतरच्या दशकात दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांनी घातला. एक सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, आणि दुसरे कापसाच्या अनुवंशाचे अभ्यासक विनायक गोविंद पानसे. दोघांनी मिळून लिहिलेला शेतीविषयक संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला, आणि कृषिमहाविद्यालयांत पिढ्यानपिढ्या वाचला गेला. त्यांच्या शोधांपैकी एक दिसावयास अगदी साधा आहे. तुकडा फार लहान आखला, तर उत्पन्नाचा अंदाज नेहमी फुगतो. आणि तो फुगतो याचे कारण सीमेवरील झाड. लहान तुकड्यास क्षेत्राच्या मानाने सीमा फार. सीमेवरच्या झाडाविषयी शंका आली, की मनुष्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. लबाडी म्हणून नव्हे. शंका असली तर टाकू नये, अशी हाताची वृत्तीच असते. पैसेवारी वाढली तर तोटा ज्याचा, त्या शेतकऱ्याचा हातही त्याच दिशेने वळतो, हे मात्र आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. ते आमच्याच धुऱ्यावर पाहावयास मिळाले.

दादांच्या मनात काय सलत होते ते आता उघड झाले. गाव बावन्नावर अडकले. नाल्यापलीकडचे गाव अठ्ठेचाळीसावर सुटले. सोसायटीचे कर्ज सर्वांच्याच डोक्यावर होते. बरडावर तर कापूस दोन वेचण्यांतच सरला होता. आणि दादांस वाटत होते, की आपण ती दोन झाडे आत घेतली म्हणून गावाचे दोन पैसे वाढले.

या प्रश्नास मात्र गणिताकडे उत्तर होते, आणि तेथेच बांधावर बसून आम्ही ते काढले. तुकड्यात सुमारे नव्वद झाडे. ती दोन लगडलेली झाडे साधारण तीन झाडांच्या तोडीची धरिली, तरी नव्वदात तीन म्हणजे तिसावा हिस्सा. पंचेचाळीसाचा तिसावा हिस्सा दीड पैसा. आणि आमचे शेत सहांतले एक; म्हणून गावाच्या सरासरीवर परिणाम दीडाचा सहावा भाग. म्हणजे पाव पैसा. लहानपणी पावकी म्हणताना या पावाचा असा उपयोग होईल, असे आम्हांस वाटले नव्हते. ती झाडे बाहेर ठेविली असती तरी गाव पावणेबावन्नावरच राहते.

दादांनी ऐकून घेतले. त्यांचे समाधान झाले असे आम्हांस वाटले नाही.

रात्री आम्ही पुन्हा तो कागद घेऊन बसलो. या वेळी उत्तर तपासावयाचे नव्हते. दादांनी विचारलेले तपासावयाचे होते. आणि मग इतका वेळ डोळ्यांसमोर असूनही न दिसलेल्या दोन गोष्टी दिसू लागल्या.

पहिली अशी. सहा शेतांचे आकडे अडतीसपासून सहासष्टपर्यंत पसरलेले आहेत. टेकडीकडचे एक शेत अडतीस, नाल्याकडचे एक सहासष्ट. इतक्या विखुरलेल्या अवघ्या सहा आकड्यांवरून गावाची सरासरी सांगावयाची, तर संख्याशास्त्र म्हणते की तीत साधारणपणे चार पैशांची चूक इकडे अगर तिकडे गृहीत धरा. दुसरी सहा शेते निघाली असती तर अठ्ठेचाळीस आले असते, किंवा छप्पन्नही. म्हणजे गाव रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे या सहा आकड्यांस खात्रीने ठाऊक नाही. परंतु कागदावर त्या चार पैशांस जागा नसते. कागदावर ५२ असते, आणि ५२ हा आकडा ५० हून मोठाच असतो.

बाराव्या शतकातला भास्कराचार्य याबाबतीत आमच्याहून सावध होता. 'लीलावती'त वर्तुळाचा परीघ काढण्याचे त्याने दोन मार्ग दिले आहेत. व्यासास ३९२७ ने गुणून १२५० ने भागावे, म्हणजे सूक्ष्म परीघ येतो. किंवा २२ ने गुणून ७ ने भागावे, म्हणजे स्थूल परीघ येतो, आणि तो व्यवहारास चालतो. दोन्ही मार्गांच्या कपाळावर त्याने त्यांची योग्यता लिहून ठेविली आहे. सूक्ष्म कोणते आणि स्थूल कोणते, हे सांगितल्यावाचून आकडा हाती देऊ नये, एवढी सभ्यता त्याच्यापाशी होती. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्याच्या नातवाने मठ स्थापिला, आणि आजोबांचे ग्रंथ तेथे शिकविले जावेत म्हणून १२०७ साली दान दिल्याचा शिलालेख आहे. ग्रंथ टिकले. ही एक सवय तेवढी टिकली नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. अपूर्णांकाकडे पाहताना मनुष्याचे लक्ष अंशाकडे असते. अंश म्हणजे यंदाचे पीक. तो दिसतो, तोलता येतो, त्याच्यावर दोरी ताणता येते. छेदाकडे कोण पाहतो? येथे छेद म्हणजे प्रमाण उत्पन्न, आणि ते मागील काही वर्षांच्या उत्पन्नावरून काढलेली सरासरी असते. आकडे सोयीसाठी पूर्ण करून सांगतो. यंदा हेक्टरी कापूस ५.२ क्विंटल, आणि प्रमाण उत्पन्न १० क्विंटल. म्हणून बावन्न पैसे. परंतु दादांच्या जुन्या वह्या चाळता असे दिसले, की त्याआधी काही वर्षे चांगली गेली असता हेक्टरी बारा क्विंटल ही साधारण गोष्ट होती. मग पावसाची दोन-तीन वर्षे वाईट गेली, आणि सरासरी बारावरून दहावर उतरली. यंदाच्या त्याच ५.२ क्विंटलांस बाराने भागा: त्रेचाळीस पैसे!

म्हणजे नऊ पैसे आले कोठून? मागील नापिकीतून. वाईट वर्षे सरासरीत शिरली, सरासरी खाली आली, आणि खाली आलेल्या सरासरीशी ताडून पाहता यंदाचे वाईट वर्ष बरे दिसू लागले. जो गाव जितकी अधिक वर्षे सोसतो, तितके त्याचे सोसणे आकड्यात कमी दिसते. यात कोणी कोणास फसविले नाही. प्रत्येक भागाकार बरोबर आहे. डावीकडचा मनुष्य आणि उजवीकडचा मनुष्य छातीस छाती लावून उभे आहेत, आणि दोघांच्या पायांखालची जमीन मात्र दर वर्षी थोडी थोडी खचत आहे.

गणित शुद्ध असते तेथेही हा भेद आहेच, फक्त तेथे त्याने कोणाचे घर बुडत नाही. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन होते, असे आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहितो. पण ते पृष्ठ सपाट असेल तरच. यवतमाळ, कन्याकुमारी आणि काबूल यांना जोडणारा त्रिकोण पृथ्वीच्या पाठीवर काढला, तर बेरीज थोडी अधिकच भरेल. गणिताचे प्रत्येक वाक्य 'जर' या अक्षरांनी सुरू होते, आणि आपण ती अक्षरे अनेक वर्षांच्या सहवासाने गिळून टाकतो. १९३१ साली पंचवीस वर्षांच्या कुर्ट गोडेलने तर खुद्द गणितज्ञांसच असे दाखवून दिले, की अंकगणितास पुरेशी पडेल अशी कोणतीही सुसंगत नियमावली रचा, तिच्या नियमांनी सिद्धही करता येत नाहीत आणि खोडूनही काढता येत नाहीत अशी विधाने उरतातच. बरोबर ठरविण्याचे यंत्र कितीही पूर्ण केले, तरी खरे त्याच्या बाहेर थोडे शिल्लक राहते. हे आम्ही विद्यार्थीदशेत वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. दादा गोडेलचे नाव ऐकून नाहीत.

यावरून आकड्यांची भाषाच टाकावी, असे कोणी म्हणेल तर आम्ही त्याच्या विरुद्ध बाजूस उभे राहू. समजा, त्या कागदावर ५२ ऐवजी 'गावाचे पीक समाधानकारक' एवढेच लिहिलेले असते. मग आम्ही कंदिलाशी बसून काय तपासले असते? 'समाधानकारक' या शब्दास अंशही नसतो आणि छेदही नसतो. त्याच्याशी भांडावयाचे ते केवळ आवाज चढवून. आकडा मात्र आपल्या जन्माची कुळकथा बरोबर घेऊन येतो. कोठून आलास, असे विचारणारा पाहिजे; विचारले की तो लपवीत नाही. आम्हांस वाटते, आकड्यात खोटेपणा शिरला तर तो बहुधा उत्तरात नसतो, न विचारलेल्या प्रश्नात असतो. आणि सुशिक्षितांचा यातला अपराध अडाण्यांहून मोठा आहे. दादांनी प्रश्न विचारिला होता. परीक्षकाच्या खुर्चीत बसून त्यावर 'बरोबर'चा शिक्का मारणारे आम्हीच होतो.

सकाळी आम्ही हा सारा हिशेब एका कोऱ्या कागदावर नीट मांडून दादांस दिला. छेदाचा मुद्दा, चार पैशांचा मुद्दा, आणि शेवटी त्या दोन झाडांचा पाव पैसा. तालुक्यास अर्जही केला. तेथील कारकुनांनी तो सौजन्याने घेतला. आक्षेपांची मुदत टळून गेली आहे असे सांगितले, आणि आकडेमोडीत चूक असल्यास अवश्य दाखवावी, असेही सांगितले. चूक नव्हतीच. गाव बावन्नावर राहिले. पुतणीच्या परीक्षेचे शुल्क आम्ही भरू म्हणालो. ते दादांनी ऐकले नाही. त्या वर्षी त्यांनी बैलजोडीतला एक बैल विकला, हे आम्हांस पुढे वहिनींकडून कळले.

आमचा तो हिशेबाचा कागद दादांनी सात-बाराच्या उताऱ्याबरोबर पेटीत ठेविला आहे. त्यातील छेदाचा मुद्दा त्यांनी गावातल्या पुष्कळांस समजावून सांगितला, आणि आम्ही वर्गात सांगतो त्याहून तो सोपा करून सांगितला, असे ऐकतो. "आजारी मानसाले काल परवाच्या आजारी मानसाशी मोजून राह्यले," असे ते म्हणतात. पाव पैशाचा भाग मात्र ते कोणास वाचून दाखवीत नाहीत. आमचा हिशेब त्यांस कळत नाही असे मुळीच नाही. तो बरोबर आहे, असे ते म्हणतात.

पुढील खरिपात प्रयोगाचा क्रमांक आमच्या शेजारच्या शेतावर निघाला. शेजारी मुलाकडे पुण्यास गेला होता, म्हणून समितीने दादांसच बोलाविले. दिवाळीत भेट झाली तेव्हा आम्ही सहज विचारले, "दोरी कोणी धरली?"

"पोरानं धरली," दादा म्हणाले. "म्या पाठ करून उभा होतो."